दरड का कोसळते?

समुद्रकाठच्या माणसास समुद्राचा धाक शिकवावा लागत नाही. मुरब्याच्या मुलास भरती-ओहोटीची वेळ अक्षरओळखीच्या आधी कळू लागते. ज्येष्ठ लागून वारा फिरला की होड्या ओढून वर घेतल्या जातात, जाळी दुरुस्तीस निघतात, आणि नारळी पौर्णिमा होईपर्यंत कोणी जाणता तांडेल आपल्या धाडसाची फुशारकी मारीत नाही. खवळलेल्या दर्यापुढे होडी किनाऱ्यावर ठेवणे हा भित्रेपणा नसून शहाणपणा आहे, हे गावातील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. परंतु हेच शहाणपण आपण डोंगरापाशी गेलो की विसरतो. डोंगर हलत नाही, तो कालही तेथेच होता व उद्याही तेथेच असेल, अशी आपली समजूत असते. ही समजूत पावसाळ्यात किती घातक ठरते, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

आपले गाव खाडीच्या काठी, सपाट वाळूवर. मग दरडीचे आपल्यास काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्या शाळेत किनाऱ्यावरची मुले आहेत, तशी जव्हार-मोखाड्याकडील डोंगरपाड्यांवरून आलेलीही आहेत. त्यांची घरे उतारावरच आहेत. शिवाय पहिल्या दोन पावसांनी डोंगर हिरवे झाले की काळदुर्ग, अशेरी, तांदुळवाडी या गडांकडे व वाटेतल्या धबधब्यांकडे तरुण मंडळींची रीघ लागते. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

प्रथम आपल्या देशाच्या उत्तर सीमेकडे पाहू. हिमालयाच्या उंच भागांत थंडीमध्ये बर्फाचे थरांवर थर साचतात. एका हिमवृष्टीचा थर खाली, दुसरीचा त्यावर, तिसरीचा आणखी वर. हे सर्व थर एकमेकांस सारख्याच घट्टपणे चिकटलेले नसतात. मध्येच एखादा थर उन्हाने वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. कडाक्याची थंडी आहे तोवर हे ओझे उतारावर टिकून राहते. पण एकाएकी हवा उबदार झाली व हिमाऐवजी पाऊस पडू लागला, म्हणजे तीन गोष्टी एकदम घडतात. पावसाच्या पाण्याने वरच्या थराचे वजन वाढते. उबेमुळे हिमकणांची एकमेकांवरील पकड सैल होते. आणि झिरपणारे पाणी त्या गुळगुळीत थरापर्यंत पोहोचून तेथे पसरते, त्यामुळे वरचा थर खालच्यापासून सुटा होतो. मग सबंध उतारच्या उतार खाली निसटतो. यास हिमस्खलन म्हणतात. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर असे प्रकार विशेष घडतात. ओले हिम कोरड्या हिमाच्या मानाने सावकाश सरकते, परंतु ते अतिशय जड असल्याने त्याच्या वाटेत आलेली झाडे व घरे उन्मळून पडतात.

येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, थंडीचा कडाका कमी होऊन हवा सुखाची वाटू लागते, नेमका तोच समय धोक्याचा असतो. पहिल्या महायुद्धात याचा एक भयंकर दाखला घडला. इटली व ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील मार्मोलाडा या पर्वतावर ऑस्ट्रियाच्या सैन्याची छावणी होती. शत्रूच्या तोफांपासून ती जागा सुरक्षित होती. पण तिच्या माथ्यावर हिमाचा प्रचंड साठा झाला होता. छावणीवरील कप्तानाने हा धोका ओळखून छावणी दुसरीकडे हलवावी अशी विनंती वरिष्ठांस केली होती. ती मान्य झाली नाही. त्या हिवाळ्यात हिमवृष्टी अपार झाली, मागून हवा उबदार झाली, आणि १९१६ सालच्या डिसेंबरच्या १३ तारखेस पहाटे तो साठा सुटून खाली आला. अडीचशेहून अधिक सैनिक झोपेतच गाडले गेले. ज्या शत्रूसाठी पहारे बसविले होते त्याच्या गोळीने ते मेले नव्हते.

आपल्या देशातही या शास्त्राची उपेक्षा झालेली नाही. हिम व हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी मनाली येथे १९६९ साली एक सरकारी संस्था स्थापन झाली. २०२० साली ती दुसऱ्या एका संरक्षण-संशोधन संस्थेबरोबर एकत्र केली गेली असली, तरी हिमस्खलनाची पूर्वसूचना देण्याचे कार्य चालू आहे. महाराष्ट्रातील कितीतरी घरांचे पुत्र त्या सीमेवर पहारा करीत असल्यामुळे ते कार्य आपल्यासही जवळचे वाटावे.

आता आपण आपल्या सह्याद्रीकडे वळू. येथे हिम नाही. पण हिमाच्या जागी माती आहे, आणि न्याय तोच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त शिलारस वेळोवेळी बाहेर येऊन थरांवर थर पसरले, व थंड होऊन त्यांचा काळा पाषाण झाला. आपल्या डोंगरांच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच होत. ऊन, पाऊस व वारा यांनी वरचा पाषाण युगानुयुगे कुजत येऊन त्याचा मुरूम झाला, मुरमाची माती झाली. अशा रीतीने कठीण खडकाच्या उतारावर सैल मातीचे जाड पांघरूण पडले आहे. पावसाचे पाणी हे पांघरूण भेदून खाली जाते. खाली अभंग खडक लागला म्हणजे त्यास पुढे वाट मिळत नाही. मग ते खडक व माती यांच्या सांध्यातून उताराने वाहू लागते. हिमाच्या गुळगुळीत थरावर पाणी जे करते, तेच येथे खडकाच्या पाठीवर करते.

पाण्याने माती सैल का व्हावी, याचा प्रयोग मुरब्याच्या कोणत्याही मुलास किनाऱ्यावर करून पाहता येईल. कोरड्या वाळूचा ढीग करा. तो ठराविक उतारापर्यंतच राहतो, त्याहून उभा रचू गेल्यास घसरतो. तीच वाळू थोडी ओलसर करून घ्या. आता तिचा किल्ला करता येतो, भिंती सरळ उभ्या राहतात. कणाकणांमधील पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांस एकमेकांकडे ओढून धरतो म्हणून असे होते. आता त्याच किल्ल्यावर तांब्याने संथपणे पाणी ओतीत राहा. काही वेळ किल्ला पाणी पितो, बाहेरून काहीच दिसत नाही. आणि मग एका क्षणी त्याची भिंत पायाशी फुगून पसरते. कणांमधील सर्व जागा पाण्याने भरली की तो धरून ठेवणारा पापुद्रा उरत नाही, उलट कोंडलेल्या पाण्याचा दाब कणांस एकमेकांपासून दूर लोटतो. थोडे पाणी जोडणारे व फार पाणी तोडणारे, असा हा चमत्कार आहे. शेवटच्या तांब्याने किल्ला पडला असे दिसते खरे. परंतु त्याआधीच्या साऱ्या तांब्यांनी तो पाडण्याची तयारी केलेली असते. डोंगराचेही असेच. म्हणून दरडीचा विचार करताना केवळ आजचा पाऊस किती, एवढेच पाहून भागत नाही. गेल्या आठ दिवसांत किती मुरला तेही पाहावे लागते.

वजनाचा हिशेब तर पाचवीतील मुलासही करता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर, म्हणजेच एक किलो पाणी पडले. २०२१ सालच्या जुलैच्या २२ तारखेच्या सकाळपासून २३ च्या सकाळपर्यंत महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटर, म्हणजे तेवीस इंचांहून अधिक पाऊस झाला. अर्थात दर चौरस मीटरवर ५९४ किलो पाणी. हेक्टराचा हिशेब केला तर ५,९४० टन होतात. यातील पुष्कळसे ओढ्यानाल्यांनी वाहून जाते हे खरे; परंतु जे जमिनीत मुरते त्याचा भार उतारालाच वाहावा लागतो.

या हिशेबामागे किती कुटुंबांचे अश्रू आहेत, ते आता सांगणे भाग आहे. २००५ सालच्या जुलैच्या २५ व २६ तारखांस, मुंबईत महापूर आला त्याच सुमारास, रायगड जिल्ह्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. २०१४ सालच्या जुलैच्या ३० तारखेस सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराखाली गेले. १५१ जीव गेले. नित्याप्रमाणे एस. टी. ची गाडी घेऊन आलेल्या चालकास नेहमीच्या जागी गावच दिसले नाही, आणि त्याच्याकडून ही वार्ता बाहेर गेली. २०२१ सालच्या जुलैच्या २२ तारखेस, वर सांगितलेल्या त्याच अतिवृष्टीत, महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली. आणि २०२४ सालच्या जुलैच्या ३० तारखेस, माळीणच्या घटनेस बरोबर दहा वर्षे पुरी होत असता, याच पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाकडे केरळातील वायनाड जिल्ह्यात भर रात्री दरडी कोसळून शेकडो माणसे गेली. या तारखा एकापुढे एक मांडून पाहिल्या तर एक गोष्ट सहज दिसते. हे सारे दिवस जुलैच्या उत्तरार्धातले आहेत. म्हणजे जमीन दीड-दोन महिने पाणी पिऊन तृप्त झाल्यानंतरचे.

यांपैकी इर्शाळवाडीची हकीकत आम्ही मुद्दाम वेगळी ठेवली आहे. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी ठाकर समाजाची ही लहानशी वाडी होती. गाडीरस्ता नाही, पायीच चढून जावे लागे. २०२३ सालच्या जुलैत तीन दिवसांत तेथे सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि १९ तारखेस रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास, वाडी निजली असता, डोंगर खाली आला. वाडीतील काही तरुण त्या वेळी घरात नसून शाळेत होते, म्हणून वाचले. यंत्रे वर नेता येत नव्हती. मदतीस गेलेल्यांनी पावसात हातांनी माती उकरली. वर चढत असता अग्निशामक दलाच्या एका कर्मचाऱ्याचा प्राण गेला. सत्तावीस देह मिळाले. सत्तावन्न माणसे सापडली नाहीत व अखेरीस ती मृत धरण्यात आली. मिळून चौऱ्याऐंशी.

आता मुख्य मुद्दा. दरडप्रवण गावांची जी सरकारी यादी होती तीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. यात आम्हांस कोणास दोष द्यावयाचा नाही. यादी करणारे जाणते असतात. पण सह्याद्रीचे उतार अगणित आहेत, आणि प्रत्येक उतारावर दररोज सकाळी जाऊन पाहणारा शास्त्रज्ञ कोठून आणावा? त्या उतारावर दररोज सकाळी जाणारी माणसे दुसरीच असतात. गुरे राखणारा मुलगा, सरपण आणणारी बाई, झऱ्यावर पाणी भरणारी मुलगी, शाळेस येणारी पोरे. डोंगर कोसळण्यापूर्वी पुष्कळदा खुणा देतो, आणि त्या प्रथम यांच्याच दृष्टीस पडतात. त्या खुणांचा अर्थ यांस कळला, व यांनी सांगितलेले मोठ्यांनी ऐकले, तर यादीत नाव नसलेले गावही वाचू शकते. आम्ही हा लेख शास्त्राच्या पत्रिकेत न देता शाळेच्या वार्षिकात देत आहो, याचे कारण हेच.

तेव्हा त्या खुणा कोणत्या, ते विद्यार्थ्यांनी पाठ करावे. पहिली, उताराच्या वरच्या अंगास जमिनीत पडलेली नवी भेग. विशेषतः ती उतारास आडवी, चंद्रकोरीसारखी वाकडी असेल व दिवसेंदिवस रुंदावत असेल तर. दुसरी, सरळ वाढलेली झाडे, कुंपणाचे खांब वा विजेचे खांब कलू लागणे. तिसरी, घराच्या भिंतीस वा जोत्यास एकाएकी तडे जाणे, आणि काल सहज लागणारे दार आज चौकटीत अडकणे. चौथी, जेथे कधी झरा नव्हता तेथे पाणी फुटणे, किंवा नेहमीच्या स्वच्छ झऱ्याचे पाणी गढूळ होणे. पाचवी, पाऊस जोराचा चालू असता ओढ्याचे पाणी एकदम ओसरणे; कारण वरच्या बाजूस माती पडून प्रवाह अडला असेल, तर तो बांध फुटून मागाहून सारे एकदम येते. सहावी, बारीक दगडमाती सतत घरंगळणे, झाडे मोडल्याचा किंवा खोल गडगडाटाचा आवाज होणे. ही शेवटची खूण असून तीनंतर विचार करण्यास अवकाश नसतो.

भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंस एकेक खुंटी ठोकून मधले अंतर दोरीने मोजावे व भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावे. अंतर वाढत असेल तर ताबडतोब ग्रामपंचायतीस, तलाठ्यास अथवा शिक्षकांस कळवावे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी १०७७ हा आहे. मात्र मोजणे हे कोरड्या दिवसाचे काम होय. मोठ्या पावसात भेगेजवळ जाऊ नये. आणि बाकीच्या खुणांपैकी एकही पावसात दिसली, तर कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता ते घर सोडावे. सोडताना ओढ्याच्या पात्रातून किंवा उताराच्या रोखाने खाली पळू नये, कारण दरड त्याच मार्गाने येते. आडव्या दिशेने बाजूच्या पक्क्या जमिनीकडे जावे. वस्तूंसाठी मागे फिरू नये. संशयाची रात्र नातेवाइकांकडे वा शाळेच्या इमारतीत काढावी, पण ती इमारत त्याच उताराखाली नाही हे आधी पाहून ठेवावे. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असेही मानू नये. आत मुरलेले पाणी पुढे कित्येक तास, कधी दिवसही, आपले काम करीत असते.

येथवर पावसाचे सांगितले. माणसाचा हात यात नाही असे मात्र नव्हे. घर बांधण्यास किंवा रस्ता काढण्यास उताराचा पायथा उभा तासला म्हणजे वरच्या मातीचा आधार जातो. झाडे तोडली म्हणजे मातीस धरून ठेवणारी मुळे कुजतात, आणि त्यांच्या पोकळ जागांतून पाणी आणखी खोल शिरते. सांडपाणी व पागोळ्यांचे पाणी उतारावरच मुरू दिले, तर पावसात ती भरच पडते. उलट, उताराच्या माथ्यावर चर खणून पाणी बाजूस काढून देणे, पायथा न तासणे, वाळ्यासारखी खोल मुळांची गवते व स्थानिक झाडे लावणे, हे उपाय गावकऱ्यांच्या हातचे आहेत.

सावधपणाने काय साधते, हे कोकण रेल्वेच्या उदाहरणावरून कळेल. २००३ सालच्या जूनच्या २२ तारखेस रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळून सुमारे पन्नास प्रवासी मृत्यू पावले. पुढल्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ तसाच दुसरा अपघात झाला. त्यानंतर कड्यांवर जाळ्या बसविणे, धोक्याच्या कटिंगांचा उतार सौम्य करणे, भर पावसात रुळांवर गस्त घालणे, अशी कामे नेटाने झाली. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रकच निराळे असते. गाड्या मंद गतीने धावतात. गावी पोहोचण्यास उशीर होतो म्हणून प्रवासी कुरकुरतात. पण तो उशीर म्हणजे आपल्या तांडेलाने वर ओढून ठेवलेली होडीच होय.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मूल घरी येऊन "आजा, वाडीच्या वर जमीन फाटली आहे" असे सांगेल, तर त्यास "गप बस" म्हणू नये. जाऊन पाहावे. दहांपैकी नऊ वेळा ती उन्हाळ्यात तडकलेली जमीन निघेल व एक फेरी फुकट जाईल. त्या नऊ फेऱ्यांचे दुःख मानू नये. तसेच मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी मुलगा मित्रांबरोबर गडावर किंवा धबधब्याखाली जाण्यास निघाला, तर बापाने त्यास थोपविण्यास संकोच करू नये. सहलींस हिवाळा मोकळा आहे. गड तेव्हाही तेथेच असतात आणि वरून समुद्रही अधिक स्वच्छ दिसतो.

आणि विद्यार्थ्यांनो, या सुटीत एक काम करा. जे डोंगरपाड्यांवर राहतात त्यांनी आपल्या घरामागचा उतार कोरड्या दिवसांत एकदा चालून यावा. भेगा, झरे व कललेली झाडे कोठे आहेत त्यांचा कच्चा नकाशा वहीत काढावा, आणि घर सोडण्याची वेळ आली तर कोणत्या वाटेने कोठे जावयाचे, हे घरच्यांशी बोलून ठरवावे. जे किनाऱ्यावर राहतात त्यांनी वाळूचा तो प्रयोग करावा आणि किती तांब्यांनी किल्ला पडला ते लिहून ठेवावे. शाळा उघडल्यावर दोन्ही वह्या वर्गात शेजारी ठेवून आपण त्यांचा पाठ घेऊ. समुद्राचे जे ज्ञान तुमच्या आजोबांनी तुम्हांस दिले, ते त्यांस पुस्तकांतून मिळाले नव्हते. रोज पाहून व एकमेकांस सांगून मिळाले होते. डोंगराचे ज्ञानही तसेच मिळवावयाचे आहे.